गाळातील अनामिकांची नोंद

सरोवराच्या तळाशी शतकानुशतके साचत आलेल्या गाळाचा एक ग्रॅमभर अंश घेतला, तर त्यात कोट्यवधी, आणि पुष्कळदा अब्जावधी, जीवाणू वास करीत असतात. परंतु त्यांतील बहुतेकांना आजवर कोणी नाव दिलेले नाही, कोणी त्यांना स्वतंत्रपणे वाढविलेले नाही, आणि त्यांचा उदरनिर्वाह नेमका कशावर चालतो हेही कोणाला निश्चितपणे सांगता येत नाही. अशा अनामिकांपैकी एखाद्याला त्या गर्दीतून वेगळे काढून, त्याचे गुणधर्म तपासून, त्याच्या सोयऱ्याधायऱ्यांशी त्याची तुलना करून, ही आजवर ज्ञात नसलेली जाती आहे असे जगापुढे सप्रमाण मांडणे, हा या ग्रंथाचा विषय आहे. जंगलात नवा पक्षी दिसावा किंवा कड्यावर नवे फूल आढळावे, तशी ही गोष्ट क्षणात घडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एक आखूड दंडगोल दुसऱ्या आखूड दंडगोलासारखाच दिसतो. म्हणून येथे नवेपण डोळ्यांना दिसत नाही, ते पुराव्याने सिद्ध करावे लागते, आणि तो पुरावा दुसऱ्या कोणालाही पुन्हा तपासून पाहता आला तरच तो मान्य होतो. या शेवटच्या अटीकडे वाचकाचे लक्ष वेधावे, हाच या प्रस्तावनेचा मुख्य हेतू आहे.

प्रथम गाळाविषयी. पाण्याच्या वरच्या थरात जे जे जगते आणि मरते, शेवाळाचे तंतू, पानांचा चुरा, माशांची विष्ठा, पावसाने वाहून आणलेली माती, ते सर्व सावकाश खाली उतरते आणि तेथे थरावर थर बसतो. या थरांत प्राणवायू फार खोल शिरत नाही; सेंद्रिय द्रव्य मुबलक असेल तेथे तो अवघ्या काही मिलिमीटरांत संपून जातो. त्याच्याखाली जगणाऱ्या जीवाणूंना श्वसनासाठी दुसरा आधार शोधावा लागतो. प्रथम नायट्रेट वापरले जाते, मग मँगॅनीज आणि लोह यांची संयुगे, त्यांच्याखाली सल्फेट, आणि हे सर्व सरल्यावर अगदी तळाशी मिथेन वायू निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांचे राज्य सुरू होते. तळहाताएवढ्या उंचीच्या गाळाच्या स्तंभात, ज्यांना परस्परांचे वातावरण सोसवणार नाही अशा कित्येक वस्त्या एकमेकींवर नांदत असतात, आणि खालच्या वस्तीने टाकलेला हायड्रोजन सल्फाइड किंवा मिथेन वरच्या वस्तीचे अन्न होतो. हे परस्परावलंबन ज्याने प्रथम मर्म ओळखून अभ्यासले, त्या सर्गेई विनोग्राड्स्कीचे नाव या शास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आदराने घेतले पाहिजे. काचेच्या उंच नळीत तळ्याचा चिखल, थोडे जिप्सम आणि थोडा कागद घालून ती उजेडात ठेवली असता काही आठवड्यांत तिच्यात काळे, जांभळे आणि हिरवे पट्टे उमटतात, हा त्याच्या नावाने ओळखला जाणारा प्रयोग आजही कोणत्याही शाळेत अल्प खर्चात करता येतो, आणि गाळाविषयी जे हजार शब्दांनी कळत नाही ते त्या एका नळीने कळते.

महाराष्ट्रातील वाचकाला या विषयाचे सर्वांत समीपचे उदाहरण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल असे हे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणावर उल्का आदळून निर्माण झाले. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अरगॉन-मापनाने ते पावणेसहा लाख वर्षांच्या घरात जाते. हा वाद भूशास्त्रज्ञांचा असल्याने त्यात आपण शिरू नये. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, या विवरात झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी येते, परंतु त्याला बाहेर पडायला वाट नाही. ते केवळ बाष्परूपाने उडते, आणि त्याच्याबरोबर आलेले क्षार मागे उरतात. त्यामुळे सरोवराच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, म्हणजे ते जवळजवळ कपडे धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाइतके अल्कधर्मी आहे. या क्षारांची ख्याती जुनी आहे. अकबराच्या अमदानीतील ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा उल्लेख येतो, आणि काच व साबण यांसाठी लागणारे द्रव्य येथे मिळते अशी नोंद त्यात आहे. जेथे मासा जगणे दुरापास्त, तेथे जीवाणूंची मात्र दाट वस्ती आहे. २०१० साली पुणे आणि इंग्लंडातील वॉरिक येथील संशोधकांनी लोणारच्या गाळाला जड कार्बन असलेले मिथेन व तत्सम पदार्थ खाऊ घालून, ज्या जीवाणूंच्या डीएनएमध्ये तो जड कार्बन उतरला तेच हे अन्न प्रत्यक्ष खात होते, असे दाखवून दिले. गाळात कोण राहतो एवढेच न विचारता तेथे कोण कामाला लागलेला आहे असे विचारणारी ही रीत मला फार मोलाची वाटते.

या एका सरोवराने जीवाणुशास्त्राला दिलेल्या नव्या नावांची यादी पाहण्यासारखी आहे. इंडिबॅक्टर अल्कलिफिलस आणि नायट्रिटालिया हॅलअल्कलिफिला ही नावे २०१० मधील, सेसेंबिया लोनारेन्सिस हे २०१२ मधील, आणि ल्युनाटिमोनास लोनारेन्सिस हे २०१४ मधील. ही चारही नावे एकाच कुलातील आहेत, आणि प्रत्येक वेळी नुसती नवी जातीच नव्हे, तर तिला सामावून घेणारी नवी प्रजातीही स्थापावी लागली. (या ग्रंथात ‘जाती’ हा शब्द सर्वांत लहान नामांकित गटासाठी आणि ‘प्रजाती’ हा शब्द तिच्यावरच्या पायरीसाठी वापरला आहे; वृत्तपत्रांत याच्या उलट प्रघात दिसतो, तो वाचकाने बाजूला ठेवावा.) सेसेंबिया हे नाव हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून बनविलेले आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट ही की, सेसेंबियाचे वर्णन प्रसिद्ध करताना संशोधकांना इंडिबॅक्टर, नायट्रिटालिया आणि बेलिएला या आधीच्या तीन प्रजातींच्या वर्णनांतही दुरुस्ती करावी लागली. नवा सदस्य आला की जुन्या घराण्याच्या व्याख्या पुन्हा तपासाव्या लागतात, आणि ज्या अभ्यासकाला केवळ आपल्या नव्या नावाचे अप्रूप असते, त्याच्या हातून हे दुसरे, अधिक कष्टाचे काम नेमके राहून जाते.

आता कृतीकडे वळू. गाळातून एकच जीवाणू वेगळा काढण्याची विद्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये सिद्ध झाली. रॉबर्ट कॉखने घट्ट माध्यमावर एका पेशीपासून एक ठिपका वाढविण्याची पद्धत बसविली. त्याच्या सहकाऱ्याच्या, वाल्टर हेसेच्या, पत्नीने, फॅनी हेसे हिने, जिलेटिनऐवजी अगार वापरण्याची सूचना केली. आणि १८८७ साली पेट्रीने आपली झाकणाची बशी वर्णन केली. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत या तीन गोष्टींना तोडीचा पर्याय निघालेला नाही. परंतु गाळाच्या बाबतीत त्यांचा उपयोग करताना अभ्यासकाला फार नम्र व्हावे लागते. सूक्ष्मदर्शकाने मोजलेल्या पेशींपैकी शंभरातील एकही बशीत वाढत नाही, ही विसंगती १९८५ साली स्टॅली आणि कोनोप्का यांनी नामांकित केली, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. लोणारच्या जीवाणूला साधे पोषक माध्यम दिले तर तो उपाशी मरतो. त्याला सोडा हवा, मीठ हवे, सरोवरातील सामू हवा. गाळाच्या खालच्या थरातील जीवाणूला क्षणभर हवा लागली तरी तो दगावू शकतो, म्हणून नमुना काढल्यापासून बशी बंद होईपर्यंत प्राणवायूविरहित कोठडीतच सर्व हाताळणी करावी लागते. आणि जे सावकाश वाढतात, ज्यांचा ठिपका दिसायला महिना-दीड महिना लागतो, ते उतावळ्या विद्यार्थ्याच्या कचऱ्याच्या डब्यात जातात. नव्या जाती बहुधा त्या डब्यात असतात, असे मला मनापासून वाटते.

ठिपका दिसला म्हणजे काम संपले असेही नाही. एका ठिपक्यात दोन जीवाणू एकमेकांच्या आधाराने वाढत असण्याचा संभव गाळाच्या बाबतीत नेहमीच असतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा रेषा ओढून विरळ करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली त्याची शहानिशा करावी लागते. अशुद्ध संवर्धनावर उभारलेले वर्णन म्हणजे दोन जीवांच्या गुणांची बेरीज. ती कोणत्याही एका जीवाला लागू पडत नाही.

शुद्ध संवर्धन हाती आल्यावर प्रश्न उभा राहतो तो ओळखीचा. १८७२ साली फर्डिनांड कोहनने जीवाणूंचे वर्गीकरण आकारावरून केले, १८८४ साली ग्रामने रंग धरणारे आणि रंग सोडणारे असा भेद दाखविला, आणि पुढील सुमारे शंभर वर्षे आकार, रंग, आंबवण्याची शक्ती आणि अन्न यांवरच सगळा व्यवहार चालला. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी रायबोसोममधील एका आरएनए रेणूची अक्षरमाला वंशाचा दाखला म्हणून वाचता येते असे दाखविले, आणि या शास्त्राची सारी बैठकच बदलली. सोळा-एस नावाच्या या रेणूचे जनुक सुमारे १,५०० अक्षरांचे असून ते सर्व जीवाणूंत असते. त्याचे काही भाग युगानुयुगे जवळजवळ स्थिर राहिले आहेत तर काही भाग हळूहळू बदलत गेले आहेत. नव्या संवर्धनातील ही अक्षरमाला वाचून ज्ञात जातींच्या मालांशी ताडून पाहिली, आणि सर्वांत जवळच्या जातीशी तिचे साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी निघाले, तर ती नवी जाती असण्याचा दावा मांडायला आधार मिळतो.

पूर्वी मराठी मुलखात शिवेचा तंटा उभा राहिला म्हणजे गोतसभेपुढे शेजारच्या गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या साक्षी होत आणि त्यांवरून महजर लिहिला जाई. कारण एका गावची हद्द ही शेजारच्या गावांच्या हद्दींवाचून ठरवता येत नाही. जीवाणूची जाती ठरविण्याचे कामही असेच आहे. नव्या वाणाचे, म्हणजे हाती आलेल्या शुद्ध संवर्धनाचे, गुणधर्म त्याच्या एकट्याच्या तपशिलाने सिद्ध होत नाहीत. त्याचे सर्वांत जवळचे तीन-चार ज्ञात नातलग जागतिक संग्रहांतून मागवून, त्याच बशीत, त्याच माध्यमावर, त्याच तापमानाला त्याच्या शेजारी वाढवून, भेद कोठे पडतो हे दाखवावे लागते. दुसऱ्याच्या जुन्या लेखातील आकडे उचलून आपल्या आकड्यांशेजारी मांडणे, हा या क्षेत्रातील फार प्रचलित आणि फार घातक प्रकार आहे.

सोळा-एसच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. १९९२ साली असे दाखविले गेले की, बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस या दोन जातींचे हे जनुक जवळजवळ तंतोतंत सारखे असूनही, त्यांचे डीएनए एकमेकांशी जोडून पाहिले असता त्या निःसंशय वेगळ्या ठरतात. १९८७ पासून डीएनएच्या परस्पर-जोडणीचे ७० टक्के हे मान मुक्रर झालेले होते. परंतु ती कृती कष्टाची, आणि एका प्रयोगशाळेचा निकाल दुसरीत जसाच्या तसा न येणारी. आता संपूर्ण जीनोम वाचणे सुलभ झाल्याने दोन जीनोमांतील समान भागांचे सरासरी साम्य थेट गणनेने काढतात, आणि ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली गेले तर जाती वेगळी मानतात. या आकड्यांना निसर्गाचा हुकूम समजू नये. ते अनुभवाने ठरविलेले संकेत आहेत, आणि सीमेवरच्या वाणाविषयी अभ्यासकाला आपला विवेक वापरूनच निर्णय घ्यावा लागतो. म्हणूनच रिटा कोलवेल यांनी १९७० मध्ये पुरस्कारलेली, अनेक अंगांनी पुरावा गोळा करण्याची रीत अद्याप टिकून आहे: पेशीच्या पटलातील स्निग्धाम्ले, श्वसनातील क्विनोन, भित्तिकेतील अमिनो आम्ले, वाढीला लागणारे तापमान, मीठ आणि सामू यांच्या मर्यादा. या तपासण्यांचा तपशील पुढील प्रकरणांत सविस्तर आलेला आहे.

नामकरणाची बाजू अनेकांना रुक्ष वाटते. मला ती या शास्त्राची सर्वांत उदात्त बाजू वाटते, आणि म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. जीवाणूंना मनाला येईल ते नाव देण्याची मोकळीक एके काळी इतकी होती की, एकाच जीवाला अनेक नावे आणि एका नावाखाली अनेक जीव अशी बेबंदशाही माजली. ती मोडण्यासाठी १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची यादी जाहीर झाली. तिच्यात सुमारे अडीच हजार नावे होती, आणि जी त्यात नव्हती त्यांची कायदेशीर प्रतिष्ठा त्या दिवशी संपुष्टात आली. तेव्हापासून नवे नाव ग्राह्य होण्यासाठी ते एका विशिष्ट आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध व्हावे लागते, किंवा अन्यत्र प्रसिद्ध झाले असल्यास त्या नियतकालिकाच्या यादीत दाखल व्हावे लागते. प्राण्यांच्या बाबतीत संग्रहालयातील मृत नमुना पुरतो, वनस्पतींच्या बाबतीत वाळवलेली फांदी चालते. परंतु जीवाणूच्या नावाला आधार लागतो तो जिवंत संवर्धनाचा. त्याला प्रयोगशाळेत टाइप स्ट्रेन म्हणतात, आणि २००१ पासून तो किमान दोन वेगवेगळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत जमा केल्याचा दाखला दिल्याशिवाय नवे नाव ग्राह्य धरत नाहीत. जर्मनीतील ब्राउनश्वाइग, जपानमधील त्सुकुबा, आपल्याकडे चंडीगढ आणि पुणे येथील संग्रह हे काम करतात. भारतातील जैविक संपत्ती परदेशी पाठवण्यावर २००२ च्या जैवविविधता कायद्याने निर्बंध आहेत, आणि चेन्नई येथील राष्ट्रीय प्राधिकरणाकडे त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. ही कागदपत्रे संशोधनाच्या आरंभीच सुरू करावीत. लेख तयार झाल्यावर परवानगीसाठी खोळंबून राहण्याचे प्रसंग अनेकांवर आले आहेत.

जिवंत वाण सर्वांना उपलब्ध असण्याने काय साधते, याचे ठळक उदाहरण कॅलिफोर्नियातील मोनो सरोवर पुरविते. हेही लोणारसारखेच खारट आणि अल्कधर्मी सरोवर, आणि त्याच्या गाळात आर्सेनिक विपुल. त्या गाळातून काढलेला हॅलोमोनास प्रजातीचा एक वाण आपल्या डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातून जगापुढे आला आणि वृत्तपत्रांनी तो जीवनाच्या नव्या प्रकाराचा शोध म्हणून डोक्यावर घेतला. मूळ संशोधकांनी तो वाण मागणाऱ्यांना दिला, ही त्यांच्या बाजूने नोंदवण्याजोगी गोष्ट आहे. इतरांनी तो आपल्या प्रयोगशाळेत वाढवून पाहिला. आणि २०१२ साली त्याच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांनी दाखविले की, हा जीव आर्सेनिक विलक्षण सोसतो खरा, परंतु फॉस्फरसवाचून तो वाढत नाही आणि त्याच्या डीएनएमध्ये आर्सेनिक बांधले गेल्याचा पुरावा मिळत नाही. २०२५ मध्ये नियतकालिकाने तो मूळ लेख मागे घेतला. वाण कुलूपबंद राहिला असता तर हा निवाडा कशाच्या आधारे झाला असता?

आज मात्र या जिवंत पुराव्याच्या अटीलाच आव्हान मिळालेले आहे. गाळातून थेट डीएनए काढून, त्याचे तुकडे संगणकाने जुळवून, न वाढवलेल्या जीवाणूंचेही जीनोम उभे करता येतात, आणि अशा जीनोमाच्याच आधारे नाव ग्राह्य धरणारी वेगळी नियमावली २०२२ मध्ये अस्तित्वात आली. तिचे समर्थक म्हणतात की जे वाढत नाहीत ते बहुसंख्य आहेत, आणि त्यांना निनावी ठेवणे हा शास्त्राचा दोष आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. तथापि जुळवलेल्या जीनोमात परक्याचे तुकडे मिसळलेले असू शकतात, आणि त्यावरून वर्तवलेला गुणधर्म प्रत्यक्ष जिवात आहे की नाही हे जीव हाती नसताना तपासता येत नाही. माझे मत असे की, अशा नावांची नोंद जरूर व्हावी, परंतु ती वेगळ्या दप्तरी असावी, आणि जो कोणी पुढे त्या जीवाला बशीत वाढवील त्याच्या कामाला कमी लेखले जाऊ नये. दुसरी एक गोष्ट मला याहून अधिक खटकते. अनेक नव्या जातींचे वर्णन आज एकाच वाणावर उभारलेले असते. एका व्यक्तीवरून साऱ्या घराण्याचे वर्णन करण्याचा हा प्रघात सोयीचा आहे, पण त्याने त्या जातीच्या अंतर्गत वैविध्याची काहीच कल्पना येत नाही. त्याच सरोवराच्या दोन-तीन ठिकाणांहून, दोन-तीन ऋतूंत, आणखी वाण मिळवण्याचा प्रयत्न व्हावा, आणि लेख त्यासाठी वर्षभर थांबला तरी त्याची खंत वाटू नये.

लोणारचे सरोवर २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत दाखल झाले, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याचे पाणी गुलाबी झाले. क्षारता वाढून मीठप्रिय सूक्ष्मजीवांची संख्या वाढल्याने तो रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संस्थेतील तपासणीत दिसून आले. पाणी आटते, पुन्हा भरते, त्याचा खारटपणा बदलतो, आणि त्याच्याबरोबर गाळातील वस्तीही बदलते. जो नमुना आज घेता येतो तोच दहा वर्षांनी घेता येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांना माझी कळकळीची विनंती आहे: आपल्या शीतपेट्यांत, विद्यार्थ्यांच्या प्रबंधांनंतर बेवारस पडलेली गाळातील संवर्धने ज्या ज्या ठिकाणी असतील, त्यांची तारीख, जागा, खोली आणि सामू यांचा तपशील लिहून काढावा, आणि ती पुण्याच्या सार्वजनिक संग्रहाकडे जमा करण्याची तजवीज याच वर्षी करावी.